घरातून चालणाऱ्या व्यवसायाची एकत्रित विमा पॉलिसी : काय मिळते, काय राहून जाते

घराच्याच एका खोलीत व्यवसाय करणाऱ्यांसाठी विमा कंपन्या एक एकत्रित पॉलिसी विकतात. माल आणि यंत्रसामग्री, इतरांना झालेल्या इजेचे किंवा नुकसानीचे दायित्व आणि काम बंद पडल्यामुळे बुडालेले उत्पन्न असे तिचे तीन मुख्य भाग असतात, आणि गरजेप्रमाणे आणखी काही भाग जादा हप्ता भरून जोडून घेता येतात. वह्या बांधणे आणि जुन्या पुस्तकांची बांधणी दुरुस्त करून देणे हा माझा व्यवसाय घरातूनच चालतो. त्यासाठी मी ही पॉलिसी काही वर्षे घेत आले आहे आणि तिच्यावर एक दावाही मंजूर झाला आहे. कंपनीचे नाव देण्याचे कारण नाही, कारण या पॉलिसीचा सांगाडा बहुतेक कंपन्यांकडे सारखाच असतो आणि मला परीक्षण करायचे आहे ते त्या सांगाड्याचे. माझे मत आधीच सांगते. पॉलिसी घेण्यासारखी आहे, परंतु बहुतेक जण ज्या भागाकडे पाहून ती घेतात तो माल आणि यंत्रांचा भाग तिच्यात सर्वांत मोलाचा नाही. मोल आहे ते दायित्वाच्या आणि उत्पन्नाच्या भागांना, आणि विक्रीच्या वेळी नेमके हेच दोन भाग घाईघाईने उरकले जातात.

घराचा विमा असताना हा वेगळा खर्च कशासाठी, असा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला पडतो, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देणे आवश्यक आहे. घराच्या विम्याचा दर राहत्या कुटुंबाचा धोका धरून ठरलेला असतो. 1666 मध्ये लंडन शहर आगीत जळाल्यानंतर निकोलस बार्बन याने घरांचा आगविमा सुरू केला, तेव्हाही लाकडी घराला विटांच्या घरापेक्षा जास्त दर होता. म्हणजे वास्तू कशाची आहे आणि तिच्यात किती जळण्यासारखे आहे, हा हिशेब या व्यवहाराच्या मुळापासूनच आहे. ज्या खोलीत पूर्वी पलंग आणि कपाट होते, तिथे आता छतापर्यंत कागदाचे रीम, सरस गरम करण्याची शेगडी आणि दिवसभर चालणारे कापणीयंत्र असेल, तर कंपनीने ज्या घराचा विमा उतरवला ते घर कागदोपत्रीच उरलेले असते. म्हणूनच घराच्या पॉलिसीत व्यवसायाच्या वस्तूंसाठी एक तर अपवाद लिहिलेला असतो, नाही तर फार छोटी मर्यादा. अमेरिकेत घरमालकांच्या विम्याचा जो प्रमाणित मसुदा सर्वत्र वापरला जातो, त्याच्या 2011 च्या आवृत्तीत घरात ठेवलेल्या व्यावसायिक वस्तूंसाठी 2,500 डॉलरची मर्यादा होती. एक बरा संगणक आणि एक छपाईयंत्र धरले की ती संपते. त्याच मसुद्यात व्यवसायातून उद्भवणारे दायित्व मुळातच वगळलेले आहे. व्यवसायासाठी वापरलेली अंगणातली वेगळी खोलीही त्यात संरक्षणाबाहेर जाते, आणि मागच्या शेडमध्ये काम करणाऱ्या कितीतरी लोकांना याची कल्पना नसते.

वस्तूंची भरपाई मिळणार नाही, एवढ्यावर हे थांबत नाही. व्यवसायाची माहिती घराच्या विमा कंपनीला दिलेलीच नसेल, तर व्यवसायाशी संबंध नसलेला दावाही, उदाहरणार्थ स्वयंपाकघरातल्या आगीचा, अडचणीत येऊ शकतो, कारण घराचा वापर बदलला ही महत्त्वाची माहिती कंपनीला सांगायची राहून गेलेली असते. त्यामुळे व्यवसायाची वेगळी पॉलिसी घेतली तरी घराच्या कंपनीला लेखी कळवणे टाळू नये. घर भाड्याचे असेल किंवा त्यावर कर्ज असेल, तर करारात व्यवसायाला परवानगी आहे की नाही हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

यावर उपाय तीन पातळ्यांवर मिळतात. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे घराच्याच पॉलिसीला जोडून घेतलेले एंडॉर्समेंट, म्हणजे पुरवणी कलम. त्याने व्यावसायिक वस्तूंची मर्यादा वाढते आणि क्वचित घरी येणाऱ्या ग्राहकाबद्दलचे थोडे दायित्व मिळते. दुसरा उपाय म्हणजे मी जिचे परीक्षण करत आहे ती एकत्रित पॉलिसी. तिसरा म्हणजे दुकाने आणि कारखाने घेतात तशी पूर्ण व्यावसायिक पॉलिसी. लेखन, भाषांतर, हिशेब लिहिणे किंवा संगणकावरचे तत्सम काम करणाऱ्या, घरी कोणीही येत नाही आणि माल साठवावा लागत नाही अशा व्यक्तीला एंडॉर्समेंट पुरते. तिने एकत्रित पॉलिसीवर पैसे घालवण्यापेक्षा ते व्यावसायिक चुकांच्या विम्यावर घालवावेत. जो वस्तू बनवतो, साठवतो, विकतो, दुसऱ्याच्या वस्तू दुरुस्तीसाठी ताब्यात घेतो किंवा घरी शिकवण्या घेतो, त्याला एंडॉर्समेंट तोकडे पडते, आणि तिथून पुढे एकत्रित पॉलिसीचे क्षेत्र सुरू होते.

आता माल आणि यंत्रांचा भाग. या भागात मोडणारा माझा दावा पाण्याचा होता. कामाच्या खोलीच्या छताला लागून गेलेली नळी रात्रीत फुटली आणि खालच्या मांडणीवरचा कागद भिजला. नुकसानीची पाहणी करून भरपाई ठरवणारे सर्वेअर आले तेव्हा त्यांनी सर्वांत आधी कागदाकडे पाहिलेही नाही. त्यांनी नळीचा फुटलेला तुकडा मागितला, चिरेच्या कडा पाहिल्या, आणि मग भिंतीवर जुन्या ओलीचे पिवळे वर्तुळ आहे का ते विजेरीच्या उजेडात तपासले. कारण सरळ होते. अचानक फुटलेल्या नळीचे पाणी पॉलिसीत येते, महिनोन्‌महिने झिरपणारे पाणी येत नाही. तुकडा जपून ठेवलेला होता आणि भिंत कोरडी होती, त्यामुळे प्रश्न तिथेच मिटला. मग त्यांनी रीमांचे तीन भाग करायला सांगितले : पूर्ण भिजलेले, फक्त कडा फुगलेले आणि कोरडे. कडा फुगलेल्या रीमची वरची काही पाने त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिली आणि कापून लहान आकारात वापरता येतील असे ठरवले, म्हणून त्यांची भरपाई अंशतः धरली. पूर्ण भिजलेल्या कागदाची रद्दी म्हणून जी किंमत येईल, ती भरपाईतून वजा झाली, आणि शेवटी पॉलिसीत ठरलेली वजावटही, म्हणजे नुकसानीचा जो ठरावीक भाग विमाधारकाने स्वतः सोसायचा असतो तो. हे सगळे मला न्याय्य वाटले. नुकसान होण्याच्या आदल्या क्षणी विमाधारक जिथे होता तिथे त्याला परत आणायचे, त्याला फायदा होऊ द्यायचा नाही आणि तोटाही राहू द्यायचा नाही, हे तत्त्व इंग्लंडमधील 1883 च्या कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन या खटल्यापासून स्पष्ट मांडलेले आहे, आणि सर्वेअरचे सारे काम त्याच चौकटीत चालते.

या भरपाईत दोन गोष्टी नव्या विमाधारकाला अनपेक्षित वाटतात. तयार वह्यांची किंमत धरली जाते ती त्या बनवायला आलेल्या खर्चाची, विक्रीच्या किमतीची नव्हे. नफ्याचा भाग या कलमात येत नाही. यंत्रांच्या बाबतीत पॉलिसी दोन प्रकारे लिहिता येते : घसारा वजा करून येणाऱ्या किमतीवर, किंवा तशाच नव्या यंत्राच्या आजच्या किमतीवर. दुसऱ्या प्रकाराचा हप्ता थोडा जास्त असतो, पण जुने कापणीयंत्र जळाल्यावर घसारा वजा करून मिळालेल्या रकमेत जुन्यासारखे यंत्र कुठेही विकत मिळत नाही. माझ्या मते यंत्रांसाठी दुसराच प्रकार घ्यावा.

या भागातली सर्वांत मोठी अडचण कमी विम्याची आहे. हप्ता वाचवण्यासाठी अनेक जण मालाची किंमत अर्धीच लिहितात आणि असे धरून चालतात की नुकसान काही पूर्ण होणार नाही, झाले तर थोडेच होईल. प्रमाणशीर भरपाईच्या कलमामुळे, ज्याला अ‍ॅव्हरेज क्लॉज म्हणतात, हा हिशेब पूर्ण चुकतो. समजा, खोलीतला माल प्रत्यक्षात 8 लाखांचा आहे आणि विमा 4 लाखांचा उतरवला आहे. 2 लाखांचे नुकसान झाले, तर ते विमा रकमेच्या आत असूनही भरपाई 1 लाखच मिळते, कारण विमा निम्म्याचा होता म्हणून नुकसानही निम्मेच भरून दिले जाते. काही पॉलिसींत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ केलेली असते. ती आहे का ते पाहावे. ज्यांचा माल हंगामानुसार कमी-जास्त होतो, त्यांनी वर्षातल्या सर्वांत भरलेल्या महिन्याचा आकडा धरावा किंवा ठरावीक काळाने साठा कळवण्याची सोय असलेली पॉलिसी मागावी. माझ्या व्यवसायात शाळा उघडण्याच्या आधीचा काळ आणि वर्षाअखेर यांतला फरक मोठा असतो. सरासरी साठा लिहिला असता, तर ऐन भरतीच्या काळातल्या नुकसानीत मला प्रमाणशीर कपात सोसावी लागली असती.

दुसऱ्याच्या वस्तू हा याच भागातला एक नाजूक विषय. शिंपीकाम, घड्याळदुरुस्ती, दागिन्यांची दुरुस्ती, संगणकदुरुस्ती आणि माझे पुस्तकबांधणीचे काम, या सर्वांत ग्राहकाची वस्तू आपल्या घरात राहते. 'आपला माल' या शीर्षकाखाली ती येत नाही, आणि दायित्वाच्या भागातही 'ताब्यातील व देखरेखीखालील वस्तू' असा अपवाद असल्यामुळे ती तिथेही येत नाही. दोन्ही दारे बंद असताना ती फक्त एका वेगळ्या ओळीने आत येते : विश्वासाने ताब्यात ठेवलेला परक्याचा माल. माझ्या पॉलिसीत ही ओळ मी आग्रहाने घालून घेतली होती, आणि भिजलेल्या वस्तूंत ग्राहकांची काही पुस्तके होती, म्हणून तिचा उपयोग झाला. मात्र तिला प्रत्येक वस्तूमागे मर्यादा असते. दुर्मिळ प्रत ताब्यात घेताना तिची किंमत पावतीवर लिहून घेणे आणि ती मर्यादेबाहेर असेल तर कंपनीला आधी कळवणे, एवढी शिस्त पाळावी लागते.

दायित्वाच्या भागाबद्दल मला सर्वांत अधिक लिहायचे आहे, कारण माल गेला तर किती गेला याला वरची सीमा असते. दुसऱ्याला इजा झाली तर तशी सीमा नसते. कागद सगळा जळाला तरी नुकसान कागदाच्या किमतीएवढे. पण घरी आलेली व्यक्ती जिन्यावरून पडून कायमची अपंग झाली, किंवा आपण बनवलेल्या वस्तूमुळे कोणाला विषबाधा, भाजणे, त्वचेचा विकार झाला, तर मागणी आपल्या वार्षिक उलाढालीच्या कितीतरी पट असू शकते आणि ती राहत्या घरापर्यंत पोहोचू शकते. घरातून व्यवसाय करणारी व्यक्ती बहुधा एकल मालक असते. व्यवसायाचे देणे आणि स्वतःचे देणे यांत कायदा भेद करत नाही. म्हणून या भागातली विमा रक्कम ठरवताना आपली विक्री किती आहे याकडे पाहू नये, समोरच्याचे किती नुकसान होऊ शकते याकडे पाहावे.

हा भाग जागेचे दायित्व आणि वस्तूचे दायित्व अशा दोन पोटभागांत असतो, आणि दुसरा पोटभाग अनेक पॉलिसींत आपोआप येत नाही. तो मागून घ्यावा लागतो. घरगुती साबण, मेणबत्त्या, खेळणी, प्रसाधने किंवा खाद्यपदार्थ विकणाऱ्यासाठी वस्तूचे दायित्व नसलेली पॉलिसी जवळजवळ निरुपयोगी आहे, असे मी स्पष्टच म्हणेन. विकत घेणाऱ्याशी आपला थेट व्यवहार नव्हता, मधल्या दुकानदाराने वस्तू विकली, हा बचाव फार काळापूर्वी निकालात निघाला आहे. 1928 मध्ये स्कॉटलंडमधील पेझ्ली गावी मे डोनाह्यू या महिलेसाठी तिच्या मैत्रिणीने एका कॅफेत जिंजर बिअरची बाटली मागवली. बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाली आणि आपण आजारी पडलो, अशी तिची तक्रार होती. तिने पैसे दिलेले नव्हते, उत्पादकाशी तिचा कसलाही करार नव्हता, तरीही उत्पादकावर तिच्याबद्दल काळजी घेण्याचे कर्तव्य होते, असा निकाल 1932 मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन अशा मतांनी दिला. उत्पादकाच्या जबाबदारीचा आधुनिक कायदा मोठ्या प्रमाणात या निकालावर उभा आहे. विम्याच्या दृष्टीने याच खटल्यातली आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे : घटनेपासून निकालापर्यंत पावणेचार वर्षे गेली, आणि बाटलीत खरोखर गोगलगाय होती का, हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही, कारण पुढे ते प्रकरण तडजोडीने मिटले. एवढा सारा काळ उत्पादकाच्या बाजूने वकील उभे होते. आपली काहीच चूक नसली तरी बचाव करावा लागतो आणि बचावाला पैसा लागतो.

त्यामुळे दायित्वाच्या भागात मी सर्वांत आधी पाहते ते बचावाच्या खर्चाचे कलम. काही पॉलिसींत वकिलाची फी विमा रकमेच्या व्यतिरिक्त मिळते, काहींत ती विमा रकमेतूनच वजा होते. दुसऱ्या प्रकारात खटला लांबत जाईल तशी भरपाईसाठी उरणारी रक्कम आटत जाते. दोन पॉलिसींचा हप्ता सारखा दिसत असेल, तर फरक बहुधा इथे सापडतो. त्यानंतर पाहायचे ते प्रदेशाचे आणि न्यायक्षेत्राचे कलम. आज घरात बनवलेली वस्तू ऑनलाइन विक्रीमुळे सहज परदेशात जाते, परंतु पुष्कळ पॉलिसी अमेरिका आणि कॅनडा येथील न्यायालयांतले दावे वगळतात, आणि काही तर देशाबाहेरची सगळीच विक्री वगळतात. तिथे ग्राहक असतील तर हे कलम बदलून घेतल्याशिवाय पार्सल पाठवू नये. सल्ला देणे, आराखडा करणे, हिशेब तपासणे, शिकवणे अशा कामांतल्या चुकीमुळे ग्राहकाचे आर्थिक नुकसान झाले, तर ते मात्र या भागात येतच नाही; इथे फक्त शारीरिक इजा आणि वस्तूंचे नुकसान धरलेले असते. त्यासाठी व्यावसायिक दायित्वाची, म्हणजे प्रोफेशनल इन्डेम्निटीची, स्वतंत्र पॉलिसी लागते.

उत्पन्नाचा भाग समजायला थोडा अवघड आहे आणि तो विकणाऱ्यालाही पुष्कळदा नीट समजलेला नसतो. विमा उतरवलेल्या जागेचे किंवा मालाचे प्रत्यक्ष नुकसान झाले आणि त्यामुळे काम थांबले, तरच तो लागू होतो. 2020 मध्ये साथीमुळे व्यवसाय बंद पडले तेव्हा जगभर हजारो विमाधारकांनी या भागाखाली दावे केले, आणि प्रत्यक्ष नुकसान झालेले नाही या कारणावरून त्यांतले असंख्य नाकारले गेले. ब्रिटनमध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 15 जानेवारी 2021 रोजी न्यायालयाने बहुतांशी विमाधारकांच्या बाजूने निकाल दिला. पण तो वाद ज्या पॉलिसींत रोगाबद्दल किंवा जागेत जाण्यास झालेल्या मनाईबद्दल जादा कलमे होती, त्यांच्या अर्थाचा होता. साधे कलम असलेल्यांना त्याचा उपयोग नव्हता. म्हणजे जादा कलमांच्या त्या दोन-चार ओळींतच या भागाचे बरेचसे सामर्थ्य आहे.

घरातल्या व्यवसायाच्या बाबतीत इथे एक विशेष अडचण येते. घराला आग लागली, तर घराचा विमा कुटुंबाला दुसरीकडे राहण्याचे भाडे देईल. कामासाठी दुसरी खोली भाड्याने घ्यावी लागली तर तिचे भाडे देणार नाही. ते फक्त व्यवसायाच्या पॉलिसीतल्या 'काम चालू ठेवण्याचा जादा खर्च' या कलमात मिळते. छोट्या व्यवसायासाठी मला हे कलम बुडालेल्या नफ्याच्या कलमापेक्षाही उपयोगी वाटते, कारण महिनाभर काम थांबले की ग्राहक दुसरीकडे जातो आणि मग भरपाई मिळाली तरी व्यवसाय परत येत नाही. माझ्या दाव्यात खोली वाळेपर्यंत दुसऱ्याच्या कापणीयंत्रावर भाड्याने काम करून घ्यावे लागले, तो खर्च या कलमातून मिळाला आणि ठरलेल्या तारखा पाळता आल्या. बुडालेल्या नफ्याचे कलम घेणार असाल, तर भरपाई किती महिने मिळेल ती मुदत उदारपणे ठरवावी. घर पुन्हा उभे राहायलाच वर्ष लागत असेल, तर सहा महिन्यांची मुदत अपुरी आहे. आणि भरपाई मागच्या हिशेबांवरून ठरते. जे उत्पन्न वह्यांत आणि करविवरणपत्रात दाखवलेले नाही, ते विम्याच्या दृष्टीने अस्तित्वात नसते.

वाहतुकीच्या बाबतीत ही पॉलिसी कमकुवत आहे. माल घराबाहेर पडला की मुख्य भागाचे संरक्षण एक तर संपते, नाही तर अगदी अल्प उरते. कुरिअर कंपनीकडून भरपाई मिळेल असे धरून चालू नये, कारण वाहतूकदाराची जबाबदारी बहुतेक ठिकाणी वजनावर ठरते. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीसाठी 1999 मध्ये झालेल्या माँट्रियल करारात मालाची मर्यादा किलोमागे 17 एसडीआर अशी होती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. मर्यादा त्यानंतर वेळोवेळी वाढली आहे, पण पद्धत किलोचीच राहिली आहे. हलक्या आणि मौल्यवान वस्तूला, मग ते चांदीचे पैंजण असो की दुरुस्त केलेले हस्तलिखित, या पद्धतीत जवळजवळ काहीच मिळत नाही. नियमितपणे माल पाठवणाऱ्याने वाहतुकीचा भाग वेगळा जोडून घ्यावा. स्वतःच्या गाडीने माल पोहोचवत असाल, तर वाहनविम्यातही व्यावसायिक वापराची नोंद लागते.

संगणकाच्या भागात यंत्र मिळते, त्यातली माहिती मिळत नाही. ग्राहकांचे पत्ते आणि देयके साठवणाऱ्याने सायबर विम्याचे छोटे कलम मागावे, आणि ते मिळाले तरी माहितीची प्रत वेगळ्या जागी ठेवण्याची सवय सोडू नये.

मदतीला एखादी व्यक्ती येत असेल, अगदी अर्धवेळ आणि ओळखीतली असली तरी, तिच्या इजेची जबाबदारी वरच्या कोणत्याही दायित्वात बसत नाही. अनेक देशांत ती वेगळ्या कायद्याखाली सक्तीची आहे. ब्रिटनच्या 1969 च्या कायद्याखाली तर किमान 50 लाख पौंडांचे संरक्षण बंधनकारक आहे. घरातले सदस्य मदत करत असतील, तर त्यांना कर्मचारी धरले जाईल की नाही हे कंपनीकडून लिहून घ्यावे.

आणि या पॉलिसीत जे मुळीच नाही, ते म्हणजे काम करणारी व्यक्ती स्वतः. माझा उजवा हात कापणीयंत्रात सापडला तर यंत्राला काही झालेले नसल्यामुळे उत्पन्नाच्या भागातून एक पैसाही मिळणार नाही. कारखान्यात माणूस आजारी पडला तर दुसरा उभा राहतो. घरातल्या व्यवसायात तो माणूस हाच व्यवसाय असतो. म्हणून खर्चाला मर्यादा असेल, तर अपघात आणि आजारपणातील उत्पन्नाचा विमा आधी, दायित्व त्यानंतर आणि माल सर्वांत शेवटी, असा क्रम मी लावेन. विक्रेते बहुधा याच्या नेमका उलट क्रम लावून देतात, कारण माल डोळ्यांना दिसतो आणि त्याचा विमा समजावून सांगायला सोपा जातो.

विक्रीच्या सेवेबद्दलही लिहायला हवे. प्रस्तावाच्या अर्जात व्यवसायाच्या वर्णनासाठी एकच ओळ असते आणि एजंटने माझ्यासाठी तिथे 'स्टेशनरी' एवढेच लिहून आणले होते. सही करण्यापूर्वी मी ती ओळ बदलायला लावली : कागदाचा साठा, विजेवरचे कापणीयंत्र, गरम सरसाचा वापर, ग्राहकांची पुस्तके दुरुस्तीसाठी ताब्यात, घरी ग्राहकांची ये-जा. हप्ता थोडा वाढला. पुढे दावा झाला तेव्हा सर्वेअरच्या अहवालातला पहिलाच परिच्छेद या वर्णनाचा होता आणि प्रत्यक्षात पाहिलेले काम त्याच्याशी जुळते, अशी त्यात नोंद होती. 1766 मध्ये कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी जे मांडले, ते आजही लागू आहे : धोक्याची माहिती विमा उतरवणाऱ्यापाशी असते, कंपनीपाशी नसते, म्हणून ती पूर्ण सद्‌भावाने सांगितली गेली पाहिजे. घर आणि व्यवसाय यांत या बाबतीत कायद्याची अपेक्षा वेगळी असू शकते. ब्रिटनमध्ये 2012 च्या कायद्याने खाजगी ग्राहकावरचे ओझे हलके केले; विचारलेल्या प्रश्नांची काळजीपूर्वक खरी उत्तरे दिली की त्याचे कर्तव्य पूर्ण होते. व्यवसायासाठी विमा घेणाऱ्याला मात्र 2015 च्या कायद्याप्रमाणे न विचारलेलीही महत्त्वाची माहिती स्वतःहून मांडावी लागते. घराच्या विम्याची सवय असलेला माणूस व्यवसायाच्या अर्जातही तेवढीच उत्तरे देतो, आणि दावे नाकारले जाण्याची पाळी इथून सुरू होते.

दाव्याच्या वेळची कंपनीची वागणूक चांगली होती; सर्वेअर लवकर आले आणि कपातीची कारणे लेखी मिळाली. नूतनीकरणाची सेवा मात्र असमाधानकारक आहे. दरवर्षी मागच्याच आकड्यांवर नवी पॉलिसी येते आणि साठा, यंत्रे, विक्रीचे प्रदेश बदलले का, असे कोणी विचारत नाही. विमाधारकाने स्वतः कळवले तरच बदल होतो.

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी, ती व्यवसाय बंद केल्यानंतरची. दायित्वाची पॉलिसी दोन आधारांवर लिहिली जाते : घटना पॉलिसीच्या मुदतीत घडलेली असली की पुरे, किंवा दावा पॉलिसीच्या मुदतीत दाखल झालेला असला पाहिजे. दुसऱ्या प्रकारात व्यवसाय थांबवून पॉलिसी बंद केली की पूर्वी दिलेल्या सल्ल्याबद्दल किंवा केलेल्या कामाबद्दल नंतर आलेला दावा उघड्यावर पडतो. पहिल्या प्रकारातही, वस्तू मुदतीत विकलेली असली तरी इजा मुदतीनंतर झाली, तर संरक्षण मिळत नाही. विकलेल्या वस्तू लोकांच्या घरांत पुढची कित्येक वर्षे वापरल्या जातात. म्हणून वस्तू बनवणाऱ्याने व्यवसाय बंद केल्यावरच्या वाढीव संरक्षणाची सोय कंपनीकडे आहे का, किती वर्षांसाठी आहे आणि तिचा हप्ता कसा ठरतो, हे पहिल्याच वर्षी लेखी विचारावे; व्यवसाय गुंडाळताना विचारले तर कंपनीवर ती देण्याचे कोणतेही बंधन नसते.